सोशीक फळी

सुतार लाकडाला आरपार भोक पाडतो तेव्हा खाली एक टाकाऊ तुकडा धरतो. हे आपण सर्वांनी पाहिलेलं असतं, पण ‘का?’ असं मुलांना विचारलं तर बहुतेक जण ‘टेबल खराब होऊ नये म्हणून’ असं सांगतात. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. खाली काहीही न ठेवता एका पातळ फळीला भोक पाडून पाहा. वरच्या बाजूला भोकाची कड स्वच्छ येते, पण खालच्या बाजूला ढलप्या उडालेल्या दिसतात. ड्रिलचं टोक खाली पोचतं तेव्हा लाकडाचा अगदी शेवटचा, पातळ थर उरलेला असतो. त्याला खालून कुणाचा आधार नसतो. त्यामुळे तो कापला जाण्याआधीच वाकतो आणि फाटतो. खाली टाकाऊ तुकडा घट्ट दाबून धरला तर हा शेवटचा थर वाकू शकत नाही, मग तो कापलाच जातो. म्हणजे खालचा तुकडा टेबल वाचवतो आणि वरच्या कामाला आधारही देतो.

आता हेच काम संगणकाच्या आज्ञेवर चालणारं यंत्र करू लागलं तर? अशा यंत्राच्या टेबलावर कायमची बसवलेली जी टाकाऊ फळी असते तिला ‘स्पॉइलबोर्ड’ म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘खराब होण्यासाठीची फळी’. भिवंडीतल्या एका शाळेत मुलांबरोबर ही फळी बसवताना आम्ही तिला ‘सोशीक फळी’ म्हणू लागलो, आणि या लेखात तेच नाव वापरणार आहोत.

दुसऱ्याला वाचवण्यासाठी स्वतः झिजणारा भाग ही कल्पना भिवंडीच्या मुलांना नवी नाही. ज्यांच्या घरात किंवा शेजारी यंत्रमाग आहे त्यांना ‘पिकर’ माहीत असतो. माग चालतो तेव्हा धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो आणि प्रत्येक फेरीचा फटका हा पिकर खातो. पूर्वी तो जनावराच्या कच्च्या कातड्याचा असे, पुढे प्लास्टिकचा आला. तो झिजतो, बदलला जातो. धोटा आणि माग टिकतात. विजेचा फ्यूज, कुकरच्या झाकणावरचा वितळणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, गाडीच्या ब्रेकचे पॅड हीसुद्धा याच कुळातली मंडळी. वर्गात अशी यादी करायला सांगा, ती आपल्या अपेक्षेपेक्षा बरीच लांबते.

यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. राउटर म्हणजे वेगानं फिरणारं, कडेनंही कापू शकणारं पातं. सी.एन.सी. राउटरमध्ये हे पातं डावं-उजवं, पुढं-मागं आणि वर-खाली अशा तीन दिशांनी मोटारींच्या साहाय्यानं सरकतं, आणि कुठं सरकायचं ते आकड्यांनी सांगितलेलं असतं. आकड्यांनी यंत्र हलवण्याची ही कल्पना १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेनं भोकं पाडलेल्या कागदी फितीवर चालणारं मिलिंग यंत्र दाखवून प्रत्यक्षात आणली. (भोकांच्या भाषेत यंत्राला आज्ञा देण्याची युक्ती मात्र त्याहून दीडशे वर्षांनी जुनी आणि ती मागावरची. फ्रान्समधल्या जकार्डचा माग १८०४ सालचा. हे भिवंडीत आवर्जून सांगावं.) आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब सुरू झाली आणि संगणकानं चालणारी लहान यंत्रं ग्रामीण मुलांच्या हाताशी आली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनच्या टिंकरिंग लॅबमुळे आता अनेक शाळांत अशा यंत्रांची भाषा ऐकू येते. हौशी लोकांसाठीचा छोटा राउटर शाळेला परवडू शकतो. अडचण पुढेच असते. यंत्र खोक्यातून निघतं, पहिल्याच आठवड्यात पातं टेबलाच्या ॲल्युमिनियममध्ये घुसतं, तुटतं, शिक्षकांचा धीर सुटतो आणि यंत्रावर कापड पडतं. एका शाळेत आम्ही असं झाकलेलं यंत्र पाहिलं. त्याच्या टेबलावर एकच खोल ओरखडा होता. त्या शाळेत एक सोशीक फळी असती तर वर्षभराचं काम झालं असतं.

कोणती फळी घ्यावी?

घरात सागवानाचा सुंदर तुकडा पडलेला असतो, तो वापरण्याचा मोह होतो. वापरू नये. अखंड लाकडाला शिरा असतात. हवेतली आर्द्रता बदलली की ते शिरांच्या आडव्या दिशेनं फुगतं-आकसतं, लांबीत मात्र जवळजवळ नाही. म्हणजे फळी नुसती जाड-बारीक होत नाही, तिला बाकही येतो. प्लायवूड या बाबतीत बरं, कारण त्याचे थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात. पण स्वस्त प्लायच्या आत पोकळ्या असतात आणि आतले थर ताणाखाली असतात. वरचा थर खरवडला की ताणाचा तोल बिघडतो आणि फळी वाकते. पार्टिकल बोर्डाच्या कडा भुगा होऊन गळतात आणि स्क्रू धरत नाहीत.

एम.डी.एफ. इथे सर्वांत सोयीचा. लाकडाचे बारीक तंतू राळेत कालवून, गरम दाबाखाली केलेला हा तक्ता. त्याला शिरा नाहीत, त्यामुळे पात्याला तो सगळ्या दिशांनी सारखाच लागतो. तो सपाट मिळतो, आणि कोणत्याही प्लायवूडच्या दुकानात मिळतो. साधारण ८ फूट बाय ४ फुटांचा तक्ता असतो, दुकानदार मापानं कापूनही देतो. जाडी १८ मि.मी. घ्यावी. १२ मि.मी.ची फळी बोल्टांमधल्या जागेत लवते आणि तिच्यात बोल्टची डोकी खोल बुडवायला जागा उरत नाही. मुलांना त्या फळीचं वजन करायला सांगा. ६०० बाय ४०० बाय १८ मि.मी.ची आमची फळी ७५० किलोग्रॅम प्रति घनमीटर घनतेनं हिशेबात ३.२४ किलो येते. काट्यावर ठेवून आपल्या फळीची खरी घनता काढता येईल.

एम.डी.एफ.चा शत्रू पाणी. भिवंडी खाडीजवळची, आणि जून ते सप्टेंबर ठाणे जिल्ह्यात भिंतीसुद्धा ओल्या लागतात. तक्त्याची वरची-खालची त्वचा दाट असते, पण कापलेल्या कडा स्पंजासारख्या पाणी पितात. म्हणून फळी आणल्यावर आठवडाभर यंत्राच्या खोलीतच, दोन्ही बाजूंना हवा लागेल अशी उभी ठेवावी आणि मगच बसवावी. कडांना आणि खालच्या पृष्ठाला सँडिंग सीलर किंवा पॉलिशचे दोन हात द्यावेत. जास्त घनतेचा, ओल सोसणारा एच.डी.एच.एम.आर. तक्ता मिळत असेल तर कोकणपट्टीत तो घेणं शहाणपणाचं. तो महाग पडतो आणि पाती थोडी लवकर बोथट करतो, पण पावसाळ्यात फुगवटा कमी धरतो.

बसवताना

आमचं टेबल ॲल्युमिनियमच्या खाचांच्या पट्ट्यांचं होतं. त्या खाचांत टी आकाराचे नट सरकतात आणि वरून ६ मि.मी.चे बोल्ट येतात. फळीत बोल्टसाठी ७ मि.मी.चं भोक घ्यावं. तेवढी ढिलाई ओलीनं फुगण्या-आकसण्याला लागते. भोकाच्या वरच्या भागात १२ मि.मी. खोलीचा रुंद खड्डा करून बोल्टचं डोकं त्यात बुडवायचं. हा १२चा आकडा कुठून आला? इथे आपण मुलांकडून बेरीज-वजाबाकी करून घेऊ. फळी १८, खड्डा १२, म्हणजे डोक्याखाली ६ मि.मी. लाकूड उरलं. त्यावर १.६ मि.मी.चं वॉशर आणि ६ मि.मी. उंचीचं डोकं. डोक्याचा माथा तळापासून १३.६ मि.मी.वर, म्हणजे फळीच्या पृष्ठापासून ४.४ मि.मी. खाली. पातं पोलादावर कधीच जाऊ नये म्हणून २ मि.मी. राखीव ठेवू. उरले २.४ मि.मी. फळी दर वेळी ०.३ मि.मी. तासायची असेल तर ती आठ वेळा तासता येईल. हा आकडा फळीच्या कडेवर लिहून ठेवावा आणि प्रत्येक वेळी एक रेघ मारावी. ‘अजून थोडी चालेल’ असं म्हणणाऱ्याला ती रेघ दाखवावी.

कामाचा तुकडा धरण्यासाठी फळीत ५० मि.मी. अंतरावर भोकांची जाळी करतात आणि त्यांत खालून काटेरी टी-नट ठोकतात. खालून ठोकलेले नट पात्याच्या वाटेत येत नाहीत. त्यांच्या चकत्या मात्र तळाशी बाहेर येतात, म्हणून त्यांनाही उथळ खड्डा हवा. जाळीच्या खुणा हातानं करण्यापेक्षा यंत्रालाच टोचून घ्यायला लावाव्यात, म्हणजे ओळी यंत्राच्या चालीला समांतर येतात. मग फळी उतरवून भोकं पाडायची, नट ठोकायचे आणि पुन्हा बसवायची. बोल्ट मधून कडांकडे, थोडे थोडे आवळायचे. फळी आणि टेबल यांच्यात कुठे पोकळी असेल तर बोटानं दाबल्यावर ती किंचित हलते. तिथे कागदाचे तुकडे सारावेत. फळी तासल्यावर वरचा उंचसखलपणा जातो, पण खालची पोकळी तशीच राहते आणि पात्याच्या दाबानं फळी तिथे लवते.

सपाट म्हणजे कशाच्या तुलनेत?

फळी बसवल्यावर शिक्षकांचा हात हमखास पाणसळीकडे जातो. इथे ती काही कामाची नाही. यंत्राच्या एका पायाखाली वही ठेवा. पाणसळीचा बुडबुडा एका टोकाला पळेल, पण यंत्र कोरतं ते अक्षर तसंच येईल. कारण आपल्याला फळी पृथ्वीच्या क्षितिजाला समांतर नको आहे. पात्याचं टोक ज्या प्रतलात फिरतं त्या प्रतलाला समांतर हवी आहे. आणि ते प्रतल दाखवू शकणारी एकच गोष्ट आपल्याकडे आहे, ती म्हणजे खुद्द ते पातं. म्हणून शेवटचं काम यंत्राकडूनच करून घेतात. रुंद पातं लावून सगळ्या फळीवर फेऱ्या मारायच्या आणि ०.३ मि.मी.चा थर काढून टाकायचा. यंत्राचा आडवा दांडा मध्ये किंचित लवत असेल तर फळीही तितकीच लवकी तासली जाते आणि पात्याचं फळीपासूनचं अंतर सगळीकडे जवळजवळ सारखं राहतं. यंत्रानं स्वतःच्या दोषाप्रमाणे स्वतःची जमीन घडवली, असंच म्हणा ना.

(निरपेक्ष सपाटपणा हा वेगळा आणि फार सुंदर प्रश्न आहे. इंग्लंडमधल्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४०च्या सुमाराला तीन पत्रे आळीपाळीनं एकमेकांवर घासून-खरवडून खरं प्रतल कसं मिळतं ते मांडलं. दोनच पत्रे घेतले तर एक फुगीर आणि एक खोलगट होऊनही ते एकमेकांत चपखल बसतात, तीन घेतले की ती पळवाट बंद होते. त्यावर कधीतरी स्वतंत्रपणे लिहू.)

सपाटपणाचा एवढा आग्रह कशासाठी? ज्या दिवशी मुलं स्वतःच्या नावाची पाटी कोरतात त्या दिवशी ते कळतं. अक्षरं कोरायला टोकदार, व्ही आकाराचं पातं लागतं. ते जितकं खोल जाईल तितकी रेघ रुंद. पात्याचा कोन ६० अंश असेल तर रेघेची रुंदी = २ × खोली × टॅन ३०°, म्हणजे खोलीच्या सुमारे १.१५ पट. १ मि.मी. खोलीला १.१५ मि.मी.ची रेघ येते. पाटीच्या दुसऱ्या टोकाला फळी अर्धा मि.मी. खाली गेली असेल तर खोली अर्धी आणि रेघ ०.५८ मि.मी.ची. नावाचं पहिलं अक्षर ठळक, शेवटचं पुसट. नववी-दहावीच्या त्रिकोणमितीला याहून चांगलं उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही. पाटी मापून कोनही उलट काढता येतो.

तासण्याच्या वेळेचा हिशेबही मुलांना जमतो. पातं २२ मि.मी. रुंद, दोन फेऱ्यांत १० मि.मी. अंतर. ४०० मि.मी. रुंदीला ४१ फेऱ्या, प्रत्येक ६०० मि.मी. लांब. फेऱ्यांमधलं सरकणं धरून एकूण २५ मीटर. मिनिटाला १५०० मि.मी. वेगानं सुमारे १७ मिनिटं. यंत्राची मोटार लहान असेल तर २२ मि.मी.चं पातं तिला झेपत नाही. तिथे ६ मि.मी.चं पातं, ३ मि.मी. अंतर, आणि वेळ ५४ मिनिटं.

इथेच फळीच्या मापाबद्दलची एक गोष्ट लपलेली आहे. पात्याचा मध्य ६०० बाय ४०० मि.मी.च्या आयतात फिरतो, पण त्रिज्या ११ मि.मी. असल्यानं कापलं जाणारं क्षेत्र ६२२ बाय ४२२ असतं, आणि त्याचे कोपरे गोल असतात. फळी याहून मोठी असेल तर चारी बाजूंना न तासलेली कड उरते. पुढे मोठा तुकडा ठेवला की तो त्या कडेवर टेकतो आणि डुगडुगतो. ‘जितकी मोठी फळी तितकी चांगली’ हा समज म्हणून चुकीचा आहे. फळी यंत्राच्या पोचेइतकीच असावी. अगदी ६२२ बाय ४२२ कापली तर कोपऱ्यांत किती भाग शिल्लक राहील? एकूण (४ − π) × ११², म्हणजे जवळपास १०४ चौ. मि.मी. हे कागदावर काढून मग फळीवर पाहायला मुलांना मजा येते.

तासून झाल्यावर बोटांच्या टोकांनी फळी चाचपावी. फेऱ्यांच्या आडवं बोट फिरवताना बारीक पायऱ्या लागल्या तर पात्याचा दांडा फळीला काटकोनात नाही. कल अर्धा अंश असेल आणि फेऱ्यांत १० मि.मी. अंतर असेल तर पायरीची उंची १० × टॅन ०.५° म्हणजे ०.०९ मि.मी. येते. साध्या कागदाच्या जाडीइतकी, तरी बोटाला ती कळते. (कागदाची जाडी कशी काढायची? शंभर कागदांची चवड मोजून.) पण एक सूक्ष्म मुद्दा आहे. दांडा फेरीच्या दिशेत पुढे किंवा मागे कलला असेल तर पायऱ्या पडत नाहीत. प्रत्येक फेरीत एक फार उथळ पन्हळ पडते, तीही आपल्या आकड्यांनी ०.०१ मि.मी.ची. ती बोटाला कळत नाही. म्हणून एकदा उभ्या आणि एकदा आडव्या फेऱ्या मारून तपासावं. पायऱ्या ज्या बाजूनं चढतात ते पाहून मोटारीच्या पकडीमागे शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी सारली की बराच कल जातो. तो पत्रा साधारण ०.१ मि.मी.चा असतो.

मग आरपार कापताना पातं किती खाली न्यायचं? फळीत ०.२ ते ०.३ मि.मी. पुरे. प्रश्न शून्य कुठं धरायचं याचा आहे. बाजारातला ‘६ मि.मी.’ प्लाय मोजला तर क्वचितच ६ भरतो, एकाच तुकड्यात कमी-जास्तही असतो. शून्य तुकड्याच्या वरच्या पृष्ठावर धरलं तर कुठं आरपार जाईल, कुठं जाणार नाही. आरपार कापायचं असेल तेव्हा शून्य सोशीक फळीवर धरावं, नुसतं कोरायचं असेल तेव्हा तुकड्याच्या वर. एवढं पाळलं तरी अर्ध्या तक्रारी संपतात.

धुळीबद्दल मात्र आम्हाला जरा कडक बोलायचं आहे. एम.डी.एफ.चा भुसा सुताराच्या रंध्याखालच्या साळपटांसारखा नसतो, तो पिठासारखा बारीक असतो आणि तासताना सर्वांत जास्त उडतो. शिवाय तक्त्याच्या राळेत बहुधा फॉर्माल्डिहाइड असतं. लाकडाची धूळ आणि फॉर्माल्डिहाइड या दोन्हींना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनं माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. हा धोका प्रामुख्यानं वर्षानुवर्षं त्या धुळीत काम करणाऱ्यांना आहे. पण भिवंडीतल्या पुष्कळ घरांत कापसाचे तंतू आधीच हवेत असतात. त्या फुफ्फुसांवर शाळेनं आणखी भार घालू नये. पात्याजवळ व्हॅक्यूम क्लीनरची नळी बांधावी, खिडक्या उघड्या, तोंडावर एन-९५ मुखपट्टी. तोंडानं फुंकणं आणि कोरडा झाडू बंद. डोळ्यांवर चष्मा, केस आणि ओढणी बांधलेली, हातमोजे मात्र नकोत, कारण फिरतं पातं मोजा ओढून बोटासह आत घेतं. बोथट पातं एका जागी अडलं तर एम.डी.एफ. धुमसतो आणि ती ठिणगी भुशाच्या पिशवीत जाऊन तासाभरानं पेट घेऊ शकते. यंत्र चालू असताना शिक्षकांनी खोली सोडू नये, आणि जुन्या फळीचे तुकडे कुणी पाणी तापवायच्या बंबात घालायला नेत नाही ना, हेही पाहावं. तो धूर विषारी असतो.

पावसाळ्यात फळी पुन्हा तपासावी लागते. आमची पद्धत सोपी आहे. चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी कागदाचा कपटा ठेवून बंद पातं एकेक शतांश मि.मी. खाली आणायचं. कपटा ओढताना अडखळला की यंत्राच्या पडद्यावरचा आकडा वहीत लिहायचा. मे, जुलै आणि ऑक्टोबर अशा तीन नोंदी झाल्या की हवेतल्या पाण्यानं फळी किती हलली ते मुलांना दिसतं. पाच आकड्यांत ०.२ मि.मी.हून जास्त फरक आला तर फळी तासावी, नाहीतर हात लावू नये. आठवी रेघ झाली की नवी फळी. जुन्या फळीचा तळ शाबूत असतो, तिचे तळहाताएवढे तुकडे कापून ड्रिलखाली ठेवायला वापरता येतात.